कर्णशोधन-यंत्र व घरगुती कानकोरणें

तळेगांव दाभाडे हें नांव निघालें कीं इतिहासाभ्यासकांची दृष्टि इ. स. १७१७ मध्यें खंडेराव दाभाडे यांस मिळालेल्या सेनापतिपदाकडे, इ. स. १७३१ च्या डभईच्या रणाकडे आणि उमाबाईंच्या कारकीर्दीकडे वळते. मावळांतील जुन्या वाड्यांत शोध घेणारा मनुष्य दप्तरें, सनदा व हत्यारें प्रथम पाहतो, हें साहजिकच आहे. परंतु अशा घरांतील एखाद्या डब्यांत दातकोरणें, कानकोरणें व चिमटा हीं एका कडींत ओंवलेलीं सांपडलीं, तर त्यांची नोंद बहुधा ‘किरकोळ चांदी’ एवढीच होते, आणि पुढें तीं मोडींत जातात. या उपेक्षित वस्तूचा शास्त्रग्रंथांशीं संबंध काय, आणि घरगुती कानकोरणें व वैद्याचें यंत्र यांची निवड कशी करावी, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, यंत्रांची संख्या १०१ दिली आहे : स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ व उपयंत्रें २५. पैकीं तालयंत्रें १२ अंगुळें लांबीचीं असून कान, नाक व नाडीव्रण यांतील शल्य काढण्याकरितां सांगितलीं आहेत. शल्य म्हणजे केवळ बाणाचें टोंक नव्हे; शरीरांत शिरून पीडा देणारी कोणतीहि वस्तु या संज्ञेंत येते. मळ काढण्याचें काम मात्र शलाकेचें.

वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत हा विषय अधिक स्पष्ट केला आहे. पुसून घेण्यासाठीं टोंकाला कापसाचें पागोटें गुंडाळलेल्या सहा शलाका तो सांगतो. त्यांतील कानाच्या दोन अनुक्रमें ८ व ९ अंगुळें लांब. अंगुळ पाऊण इंच धरल्यास हें माप ६ व पावणेसात इंच होतें. यानंतर येतें तें कर्णशोधन. त्याचा प्रांत पिंपळपानासारखा व मुख होमांतील स्रुव्यासारखें असावें, एवढेंच त्याचें वर्णन आहे. हा ग्रंथ आपल्या प्रांतांत चांगलाच रुळलेला होता. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्रि यानें त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, आणि पुढें पुण्याचे डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनीं ‘सार्थ वाग्भट’ या रूपानें तो मराठींत आणिला.

स्रुव्याच्या मुखाची चिमुकली वाटी आपल्या कानकोरण्यालाहि असतेच. यावरून कानकोरणें वैद्यकग्रंथांतून घरांत उतरलें, असें अनुमान करण्याचा मोह होतो. पण तें टिकत नाहीं. हडप्पा येथील उत्खननांत कान कोरण्याची शलाका, टोंचणी व चिमटा यांचा एकत्र संच मिळालेला आहे, आणि तो उपलब्ध संहितांहून फार प्राचीन आहे. तेव्हां घरांत रूढ असलेली वस्तु वैद्यांनीं उचलली, असें मानणेंच अधिक सयुक्तिक.

मग शास्त्रानें तींत भर कशाची घातली? माझ्या मतें क्रमाची. सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायांत कानाचे २८ रोग सांगितले. त्यांत मळ सुकून बसणें हा कर्णगूथ. त्याची चिकित्सा पुढील अध्यायांत आहे : प्रथम तेलानें मळ भिजवावा, स्वेदानें विरघळवावा, आणि मगच शलाकेनें शोधन करावें. कानांत शिरलेला किडा, ओल किंवा मळ शिंगानें ओढून अथवा शलाकेनें काढावा, असेंहि तो सांगतो. घरोघर उपकरण राहिलें, क्रम सुटला. कानाचा मार्ग जेमतेम इंचभर व त्याच्या शेवटीं नाजूक पडदा. कोरडा मळ कोरूं गेल्यास तो आंत ढकलला जातो आणि पडद्यासहि इजा होते. आजचे कानाचे डॉक्टरहि घट्ट मळ आधीं मऊ करण्याचाच सल्ला देतात. मात्र पडद्यास भोंक असल्यास कानांत कांहींहि घालूं नये, आणि कडधान्याचा दाणा अडकला असतां पाणी सोडूं नये, कारण दाणा फुगतो, हीहि दक्षता ते सांगतात.

संग्राहकांस यावरून एक कसोटी मिळते. कडींत ओंवलेलें, बोटभर लांबीचें तें घरगुती. सहा इंचांच्या आसपास लांब, हाताची पकड कानापासून दूर राहील असें, व शक्य तर इतर शलाकांसह मिळालेलें असेल, तर तें वैद्याचें असल्याचा संभव धरावा. कर्णशोधनाचें पृथक् माप ग्रंथांत दिलेलें नसल्यामुळें केवळ लांबीवरून निर्णय करूं नये. वस्तु कोणत्या घरांत व कशासोबत सांपडली, याला अधिक महत्त्व द्यावें. याकरितां धातु, वजन, लांबी, वाटीची रुंदी, घराणें व गांव यांची नोंद जागेवरच करावी, आणि सोबत वैद्यकीचें बाड असल्यास दोहोंची ताटातूट करूं नये. तोळाभर चांदीची किंमत सोनार केव्हांहि देईल. पण ती वस्तु एकदां मुशींत गेली म्हणजे तिच्याबरोबर त्या घराच्या वैद्यकीचा पुरावाहि नाहींसा होतो.