जमिनीच्या दप्तरांतील कुळकथा

इंग्लंडांतील एखाद्या कुटुंबाचा वंशवृक्ष जुळवूं लागलें म्हणजे गांवोगांवच्या चर्चमधील नोंदवह्या संशोधकाला पुष्कळ मागें नेतात आणि १५३८ सालाच्या उंबरठ्यावर सोडून देतात. त्या वर्षीं आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवली जावी, असा हुकूम सोडला. त्यापूर्वीं माणसाच्या जन्ममृत्यूची अशी सरसकट नोंद ठेवण्याची रीत नव्हती. जमिनीची गोष्ट निराळी. जमीन एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना कोणाला तरी पैसा मिळावयाचा असे, आणि जेथें पैसा मिळावयाचा तेथें लेखणी झोपत नसे. कुळाच्या शोधार्थ मध्ययुगांत शिरणाऱ्याला ह्याच लेखणीच्या मागोमाग जावें लागतें.

राजाकडून थेट जमीन धारण करणारा मनुष्य मरण पावला म्हणजे एस्चीटर नांवाच्या अंमलदाराला राजाचा हुकूम जाई. अंमलदार आसपासचीं बारा किंवा अधिक माणसें पंच म्हणून जमवी आणि त्यांना शपथेवर विचारी : मृताकडे जमीन कोणती होती, ती कोणाकडून, कोणत्या चाकरीच्या अटीवर होती, तिचें वार्षिक उत्पन्न काय, तो कोणत्या दिवशीं वारला, आणि त्याचा निकटचा वारस कोण, त्याचें वय काय? पंचांचीं उत्तरें लॅटिनमध्यें चर्मपत्रावर उतरत. १२३६ च्या सुमारास सुरू झालेली ही चौकशी सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. तिचीं चर्मपत्रें आज लंडनच्या क्यू भागांतील राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत, आणि त्यांचे इंग्रजी गोषवारे छापून निघूं लागल्यामुळें लॅटिन न जाणणाऱ्यालाहि पुष्कळांचा उपयोग करतां येतो.

वारसाच्या वयाची एवढी विचारपूस कशाकरितां? वारस अज्ञान असला तर त्याच्या जमिनीचें उत्पन्न आणि त्याचा विवाह ठरविण्याचा हक्क हे दोन्ही राजाकडे जात, आणि राजा ते खुशाल विकीत असे. पुरुष वारस एकविसाव्या वर्षीं सज्ञान होई. मुलगी विवाहित असल्यास चौदाव्या, नसल्यास सोळाव्या वर्षीं. वारस उघड उघड प्रौढ असला तर त्याच्या वयाशीं कोणाचेंच कर्तव्य नसे. पंच ‘तीस वर्षें व अधिक’ असें ठोकून देत. हें ‘व अधिक’ मोठें फसवें आहे. १३८६ सालीं एका कुलचिन्हाच्या दाव्यांत कवि जेफ्री चॉसर याची साक्ष झाली, तेथें त्याचें वय ‘चाळीस व अधिक’ असें लिहिलें आहे. त्याचें जन्मवर्ष आजहि अदमासानेंच सांगावें लागतें.

मृताला पुत्र नसला तर मात्र संशोधकाचें भाग्य उघडतें. कन्यांना समान वांटे मिळत. त्यांच्यापैकीं एखादी आधीं वारली असेल तर तिचा वांटा तिच्या मुलाकडे जाई. मग एकाच नोंदींत बहिणी, त्यांचे नवरे आणि भाचा असें सगळें गोत समोर उभें राहतें. तारखा मात्र उलगडून घ्याव्या लागतात. ‘तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष, सेंट मायकेलच्या सणानंतरचा सोमवार’ म्हणजे ५ ऑक्टोबर १३४९.

अज्ञान वारस वयांत आला कीं दुसरी चौकशी होई. ही दप्तरांतील सर्वांत मनोरंजक होय. आसपासचे वृद्ध साक्षीला येत, आणि अमक्याचा जन्म अमक्या दिवशींच झाला हें तुम्हांला कशावरून आठवतें, असें त्यांना विचारलें जाई. एक म्हणे, त्याच आठवड्यांत माझ्या मुलाला पुरलें. दुसरा म्हणे, मी घोड्यावरून पडून पाय मोडला. तिसऱ्याचें घर जळालेलें, चौथा यात्रेला निघालेला. वाचतांना वाटतें, खेडेंच्या खेडें बोलूं लागलें! परंतु विद्वानांनीं हीं पत्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं तेव्हां तोच मोडका पाय आणि तेंच जळकें घर निरनिराळ्या वारसांच्या चौकशींत पुनः पुनः आढळलें. कारकुनानें जुन्या कागदावरून उतरून काढलें असावें. म्हणून वारस सज्ञान झाला होता एवढें बहुधा खरें धरावें. पाय मोडल्याबद्दल हळहळण्याची घाई करूं नये.

हें सारें जमीनदारांचें. कष्टकऱ्यांचीं नांवें पाहिजेत तर जहागिरीच्या न्यायसभांच्या गुंडाळ्या उलगडाव्या लागतात. भूदास मेला कीं त्याच्या गोठ्यांतील सर्वोत्तम जनावर धन्याकडे जाई, वारसाला शेतावर येण्यासाठीं नजराणा द्यावा लागे, मुलीच्या लग्नासहि पैसे पडत. आणि त्या प्रत्येक पैशाची नोंद होई. हेल्सओवेन गांवच्या अशाच गुंडाळ्यांवरून झ्वी राझी यांनीं १२७० ते १४०० या काळांतील शेतकरी कुटुंबांचा इतिहास जुळवून १९८० सालीं ग्रंथरूपानें मांडला. स्वतंत्र पण गरीब माणूस जेथें दिसेनासा होतो तेथें दासाच्या पिढ्या मोजतां येतात, ही ह्या दप्तराची क्रूर थट्टा आहे.

आणि म्हणूनच तें दप्तर धोक्याचेंहि होतें. नॉरफोकच्या पॅस्टन घराण्याच्या वैऱ्यांनीं पंधराव्या शतकांत असा बोभाटा केला कीं, हें कूळ मूळचें दासांचें. क्लेमेंट पॅस्टन स्वतः नांगर धरी, जास्तींत जास्त १२० एकर कसी, खोगिराविना घोड्यावर धान्य टाकून गिरणीला जाई, आणि त्याची बायकोहि दासकुळांतली. हें सिद्ध झालें असतें तर जमीन आणि इभ्रत दोन्ही धोक्यांत येतीं. पॅस्टनांनीं राजासमोर जुन्या सनदा आणि न्यायसभेच्या गुंडाळ्या मांडल्या : आमच्याच पूर्वजांपाशीं दास होते, आम्ही दास कसे? १४६६ सालीं चौथ्या एडवर्डनें त्यांना कुलीन ठरविलें. आजच्या इतिहासकारांचा विश्वास त्या भव्य वंशावळीवर फारसा नाहीं. वैऱ्यांच्या कागदांतील क्लेमेंट त्यांना अधिक खरा वाटतो. उसने पैसे काढून त्यानें शाळेंत घातलेला मुलगा विल्यम १४२९ मध्यें राजाचा न्यायाधीश झाला होता.