दळलेल्या मिरचीची पत

दिल्लीत फाळणीनंतर आलेल्या माणसांची कथा सांगताना टांगा हमखास येतो. सियालकोटचे धरमपाल गुलाटी सप्टेंबर 1947 मध्ये अमृतसरमार्गे दिल्लीत पोचले. वडिलांनी दिलेल्या 1500 रुपयांतले 650 मोजून त्यांनी टांगा घेतला आणि नवी दिल्ली स्टेशन ते कुतुब रोड, करोलबाग ते बडा हिंदूराव अशा फेऱ्या मारल्या. पुढे हेच गुलाटी ‘एमडीएच’ मसाल्यांचे मालक झाले. ही कथा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मात्र तिचा जो अर्थ सर्रास लावला जातो, की देवावर भरवसा ठेवावा, घाम गाळावा आणि मग दिवस पालटतात, तो मला अपुरा वाटतो. माणशी भाडं दोन आणे. म्हणजे टांग्याचे पैसे वसूल व्हायलाच 5200 सवाऱ्या हव्यात, आणि घोड्याचा चारा न् नालांचा खर्च वेगळाच. गुलाटींनी थोड्याच दिवसांत टांगा विकून टाकला. कष्टांत ते कुठे कमी पडले होते असं दिसत नाही. तो धंदा त्यांचा नव्हता, इतकंच.

त्यांचा धंदा होता मसाल्यांचा. 1919 साली वडील चुन्नीलाल यांनी सियालकोटला काढलेल्या दुकानाचं नाव ‘महाशियां दी हट्टी’. पंजाबात आर्यसमाजी माणसाला ‘महाशय’ म्हणत, आणि हट्टी म्हणजे दुकान. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं, कारण आर्य समाज 1875 साली स्थापन झाला तो आपल्या गिरगावात. तिथून तो पंजाबात जाऊन फोफावला. दुकानाच्या पाटीवर ‘महाशय’ लिहिणं म्हणजे मालक कोणत्या सत्संगात बसतो आणि कोणापुढे त्याला मान खाली घालावी लागेल, हे चारचौघांत सांगणं. श्रद्धा त्या माणसाच्या मनात होतीच. बाजारात ती पत म्हणून चालत होती. टांगा विकून गुलाटींनी करोलबागेत अजमल खान रोडवर चौदा बाय नऊ फुटांचा लाकडी खोका घेतला आणि त्यावर सियालकोटच्या दुकानाचं नाव लावलं. जमीन, घर, शेजार सगळं सरहद्दीपलीकडे राहिलं होतं. उरलेलं भांडवल त्या नावात होतं, आणि करोलबागेत वसलेल्या पश्चिम पंजाबच्या लोकांना ते वाचता येत होतं.

पण ओळखीची गिऱ्हाइकं किती पुरणार? इथे या धंद्याची खोच लक्षात घ्यावी लागते. अख्खी मिरची, हळकुंड, धणे गिऱ्हाईक हातात घेऊन पारखू शकतं. वास घेतं, मोडून पाहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणारी बाई डंकावर स्वतः उभी राहते ती उगाच नाही. एकदा मिरचीची पूड झाली की तिच्यात विटेची भुकटी आहे की नाही हे डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून तयार मसाला विकणारा खरं तर दोन गोष्टी विकतो: पूड आणि तिच्याबद्दलचा शब्द. 1953 साली चांदणी चौकात दुसरं दुकान झालं, आणि 1959 साली कीर्तीनगरला कारखान्यासाठी जागा घेतली. स्वतःचा कारखाना म्हणजे दळण आपल्या नजरेखाली. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यावर छापलेला गुलाटींचा पगडी-मिशांचा चेहरा म्हणजे दुकानदार थेट गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पोचवण्याची युक्ती. गुलाटींची कल्पकता मी इथे पाहतो. चार गल्ल्यांतल्या ओळखीवर चालणारी पत त्यांनी अनोळखी माणसापर्यंत नेली. मालकाने नव्वदीतही स्वतःच्या जाहिरातीत उभं राहणं हा त्याच युक्तीचा पुढचा टप्पा.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. दिल्लीत फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित आले; त्यांतल्या एकाच्या यशावरून नियम कसा काढायचा? शिवाय व्यापारी घरात जन्मलेल्याला हिशेब, मालाची पारख आणि नातीगोती आयतीच मिळतात. दलित निर्वासितांची वाट वेगळी आणि अधिक खडतर होती, हे रविंदर कौर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. त्याच वेळी दिल्लीतल्या लाखो मुसलमानांना घरंदारं सोडावी लागली, आणि करोलबागेतही त्यांची मोठी वस्ती होती. एकाला जागा झाली ती दुसऱ्याच्या उजाडण्यातून, हे सांगितल्याशिवाय या शहराच्या उद्योगाचा इतिहास लिहू नये. मला हे सारे आक्षेप मान्य आहेत. त्यांमुळे ‘एकट्याच्या जिद्दीची’ दंतकथा मोडते, पण पत हा मुद्दा उलट बळकट होतो: पत ज्यांना वारशाने मिळाली नाही, त्यांच्यासाठी ती कोणीतरी उभी करावी लागते.

दिल्लीजवळच्या फरिदाबादला नेमकं हेच घडलं. वायव्य सरहद्द प्रांतातले हजारो निर्वासित तिथे वसवायचं ठरलं. 1949 साली नेमलेल्या विकास मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. राजेंद्र प्रसाद. कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या पुढाकाराने निर्वासितांच्याच श्रमिक सहकारी संस्था निघाल्या आणि घरं बांधायचं काम ठेकेदाराऐवजी त्यांच्या हाती आलं. ज्यांनी आयुष्यात कधी थापी धरली नव्हती ते गवंडीकाम शिकले. एकट्या माणसाला उधार न देणारा बाजार संस्थेच्या शिक्क्याला मान देतो. 

चेहऱ्यावर मिळवलेली पत मर्यादितही असते. गुलाटींना 2019 साली पद्मभूषण मिळालं. 3 डिसेंबर 2020 रोजी ते गेले. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साइड हे कीटकनाशक सापडल्याचं जाहीर केलं; एमडीएचने आरोप फेटाळले. सियालकोटच्या हट्टीवर अशी शंका आली असती तर गिऱ्हाइकाने महाशयांना समोरासमोर विचारलं असतं. आता तो प्रश्न प्रयोगशाळेच्या अहवालाकडे जातो, आणि खोक्यावर पगडीवाले आजोबा अजून तसेच आहेत.