फुलकोबी : मुळशी खोऱ्यातील परसबागेचे पीक

फुलकोबी (फ्लॉवर) ही कोबी व नवलकोल यांच्याच जातीतील (ब्रॅसिका ओलेरॅसिया) भाजी होय. तिचा खाद्य गड्डा म्हणजे उमललेले फूल नव्हे. फुले बनविण्यास निघालेली वर्धनशील ऊतके त्या अवस्थेपर्यंत न पोहोचता पुनःपुन्हा शाखा काढीत राहतात व त्यांचा गड्डा बनतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून स्पष्ट झाले.

इतिहास : फुलकोबीचे मूलस्थान भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात मानतात. भारतात ती १८२२ मध्ये आली. सहारनपूर येथील कंपनी बागेसाठी इंग्लंडमधून तिचे बी आणविले गेले. थंड हवेतील या पिकातून उत्तर भारतातील उत्पादकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून उष्ण व दमट हवेत गड्डा धरणारे भारतीय प्रकार निर्माण केले. पुढे भारतीय कृषी संशोधन संस्थेने त्यांतून ‘पुसा कातकी’, ‘पुसा दीपाली’ इ. हळवे वाण काढले. ‘स्नोबॉल’ गटातील गरव्या वाणांना बी धरण्यास कडक थंडी लागत असल्याने त्यांचे बी कुलू खोऱ्यासारख्या प्रदेशात तयार होते. त्यामुळे परसबागेतील लागवड विकतच्या बियांवर अवलंबून राहते.

मुळशी खोरे : पुणे जिल्ह्यातील हे खोरे आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत् धरणाविरुद्ध येथे सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. तथापि धरण झाले व उत्तम भातखाचरे बुडाली. धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीजनिर्मितीसाठी जाते. पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि त्यानंतर डोंगरउतारावर पाण्याची टंचाई, अशा स्थितीत घरच्या सांडपाण्यावर किंवा विहिरीच्या थोड्या पाण्यावर पिकणाऱ्या परसबागेचे महत्त्व वाढते.

लागवड : अतिवृष्टीमुळे चुना व इतर क्षार वाहून जाऊन जमीन आम्लधर्मी बनते. अशा जमिनीत मॉलिब्डेनम कमी पडल्यास पानाचे पाते न वाढता केवळ मधली शीर लांबते. बोरॉन कमी पडल्यास गड्डा तपकिरी व खोड पोकळ होते. यावर लागणीपूर्वी चुना व कुजलेले शेणखत मिसळणे आणि बेताने टाकणखार देणे हे उपाय होत. बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर पेरून चार ते पाच आठवड्यांची रोपे सु. ४५ सेंमी. अंतरावर लावतात. जून झालेली रोपे लावल्यास किंवा पाण्याचा ताण पडल्यास झाड खुरटून बटणाएवढाच गड्डा धरते. म्हणून थोडे पाणी असल्यास थोडीच रोपे लावणे श्रेयस्कर.

काढणी : गड्डा दिसू लागताच बाहेरची पाने त्यावर दुमडून सैल बांधतात. उन्हापासून संरक्षण झाल्याने तो पिवळा न पडता पांढरा राहतो. गड्डा घट्ट व कडा सैल होण्यापूर्वी सकाळी तो काही पानांसह कापतात. उशीर झाल्यास तो विस्कटतो व पृष्ठभाग भाताच्या कण्यांसारखा रवाळ होतो. मुख्य गड्डा काढल्यावर फुलकोबी सहसा पुन्हा धरत नाही. म्हणून परसबागेत सर्व रोपे एकदम न लावता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावल्यास कुटुंबाला भाजी हिवाळाभर पुरते.