हुतूतू टीव्हीवर कसा गेला

मधल्या सुट्टीत आपण धुळीत लोळून जो हुतूतू खेळायचो, तो पुढे टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात दिसेल, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर आपण हसलो असतो. खेळाला मान नव्हता असे नाही. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. बुवा साळवींनी तर कबड्डीसाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० पासून आशियाई स्पर्धेतही कबड्डी आहे. पण क्रिकेटपुढे तिला पडद्यावर जागा मिळत नव्हती.

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत कबड्डीला मिळणारा प्रतिसाद समालोचक चारू शर्मा यांच्या नजरेत भरला. पुढे त्यांनी उद्योगपती आनंद महिंद्र यांच्यासह मशाल स्पोर्ट्स ही कंपनी काढली आणि लीगची कल्पना स्टार वाहिनीपर्यंत नेली. दोहापासून पहिल्या सामन्यापर्यंत आठ वर्षे गेली.

‘आपला मातीतला खेळ आहे, दाखवा’ एवढ्यावर कुठलीही वाहिनी वेळ देत नाही. सामना किती वेळात संपेल? घरी बसलेल्या माणसाला काय चालले आहे ते कळेल का? इथे कबड्डीची बाजू भक्कम होती. चाळीस मिनिटांचा खेळ, आणि १३ बाय १० मीटरचे मैदान कॅमेऱ्याच्या सहज आवाक्यात. अडचण वेळकाढूपणाची होती. आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करत राहिला की बघणारा कंटाळणार. म्हणून चढाईला ३० सेकंदांचे घड्याळ लागले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर जादा गुण. माझ्या मते या तिसऱ्या चढाईच्या नियमानेच खेळ टीव्हीवर तारला. नट-नट्यांची हजेरी ही वरची फोडणी.

२६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जयपूरने यू मुंबाला ३५-२४ असे हरवले. पहिल्या हंगामाची प्रेक्षकसंख्या ४३ कोटी ५० लाख नोंदली गेली, आयपीएलच्या खालोखाल. पुढच्याच वर्षी स्टारने मशालचा ७४ टक्के हिस्सा घेतला. सांगली जिल्ह्यातल्या काशिलिंग आडकेचे नाव घरोघरी झाले. माती गेली, मॅट आली. गोंगाटात चढाईपटूचा दम ऐकू येईनासा झाला. जुन्या खेळाडूंना ते खटकते, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

मुलींचे मात्र राहूनच गेले. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली. पुढच्या हंगामात ती दिसली नाही.