दस्तरखानावरील गोश्त : थोडा इतिहास, थोडा हिशेब



इतिहासाच्या शिक्षकाने आहारावर लेख लिहावा याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटले असते. परंतु मागील वर्षी एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि हा विषय माझ्या मानगुटीवर बसला तो आजतागायत उतरलेला नाही.

पहिली गोष्ट घरातली. माझ्या वडिलांचा रक्तदाब वाढला. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी बजावले, "मटण बंद." दुसरी गोष्ट शाळेतली. नववीतली एक मुलगी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात निघाले. तिला सांगण्यात आले, "कलेजी, मटण खात जा." म्हणजे एकाला जे विष म्हणून वर्ज्य, तेच दुसरीला औषध म्हणून लिहून दिलेले! मुलीची आई शाळेत आली तेव्हा मी तिला घरच्या खाण्याविषयी विचारले. ती म्हणाली, "सर, हर जुमे को तो गोश्त पकता है हमारे यहाँ!" तिच्या आवाजात थोडा रागही होता, आणि तो रास्तच होता. दर शुक्रवारी गोश्त शिजणाऱ्या घरातील मुलीच्या अंगात रक्त का नसावे?

आजार डॉक्टरांनी पाहावा. मी आपल्या सवयीप्रमाणे इतिहासाची पाने चाळली. त्यात जे सापडले ते आपल्यासमोर ठेवतो. तांबडे मांस म्हणजे बकरा, मेंढी, म्हैस अशा चतुष्पादांचे मांस, एवढे आधी ध्यानात घ्यावे. कोंबडी आणि मासळी त्यात येत नाहीत.

प्रथम अबुल फज्लकडे जाऊ. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त आपल्या वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा बहुतेक मुलूख त्यातील नरनाळा आणि मेहकर या सरकारांत मोडत असे. आपल्या लोणारचाही त्यात उल्लेख असून, काच आणि साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ तेथे मिळतात, अशी नोंद त्याने केली आहे. (विद्यार्थ्यांनी सहलीला जाताना हे लक्षात ठेवावे, केवळ फोटो काढून परत येऊ नये.) त्याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याचे एक प्रकरण आहे आणि बाजारभावांचीही यादी आहे. हे भाव दरबाराकडचे आहेत, मेहकरच्या बाजाराचे नव्हेत. तरी त्यावरून अंदाज बांधता येतो.

एका मणाला ज्वारी १० दाम, गहू १२ दाम, बकऱ्याचे मांस ५४ दाम, मेंढीचे ६५ दाम आणि तूप १०५ दाम. अकबरी मण आजच्या सुमारे २५ किलोंचा. साध्या मजुराची दिवसाची मजुरी २ दाम. आता हिशेब करा. दिवसभर राबलेल्या मजुराला सगळी मजुरी खर्चून ५ किलो ज्वारी मिळे, किंवा सव्वानऊशे ग्रॅम बकऱ्याचे मांस. मांस घेतले तर त्या दिवशी भाकरी कशाची करायची? म्हणजे बादशहाच्या राज्यात राहणारा सामान्य माणूस रोज बिर्याणी खात होता, ही आपल्या मनातील कल्पना सिनेमातून आलेली आहे. तो ज्वारी खात होता.

तेव्हा मांस ज्वारीच्या साधारण साडेपाचपट महाग होते. आज मटणाचा भाव सातशे-आठशेच्या घरात आहे आणि ज्वारीच्या तुलनेत तो वीसपटीच्या आसपास जातो. आपल्या गावच्या मजुरीत आज किती मटण येते, हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

खुद्द बादशहाची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. अकबराला मांसाची फारशी आवड नव्हती, असे अबुल फज्ल नमूद करतो. आधी शुक्रवार, मग रविवार, मग सौर महिन्याचा पहिला दिवस, असे करता करता त्याचे मांस वर्ज्य करण्याचे दिवस वाढतच गेले. मुदपाकखान्यातील पदार्थांचे तीन वर्ग दिले आहेत आणि त्यांतील पहिलाच वर्ग बिनमांसाच्या पदार्थांचा आहे : खिचडी, पालकाची भाजी, वांगी इत्यादी. दुसऱ्या वर्गात मांस आणि धान्य यांचे मिश्रण. तिसऱ्यात कबाब, दोप्याजा, कलिया.

त्या दुसऱ्या वर्गातील हलीमपाशी मी थांबलो. मांस, गहू, हरभरा, मसाला आणि तूप हे तर त्यात आहेच. शिवाय सलगम, गाजर, पालक आणि बडीशेप, प्रत्येकी अर्धा शेर! सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या शाही हलीममध्ये चार भाज्या होत्या, आणि आज आपल्या लग्नांत हलीम वाढले जाते त्यात हिरवे काय असते? वरून टाकलेली कोथिंबीर. तळलेला कांदा आणि तेलाचा तवंग मात्र बोटभर.

आपल्या दादी-नानींच्या स्वयंपाकात ही जुनी रीत टिकून होती. डालचा आठवा : थोडेसे गोश्त, भरपूर डाळ आणि दुधी भोपळा. अंबाडीची भाजी घातलेले गोश्त आठवा. मेथी-गोश्त, पालक-गोश्त, मुहर्रमचा खिचडा. अर्धा किलो गोश्तात दहा माणसांचे जेवण निघत असे. हे गरिबीमुळे होते हे खरेच. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी माझी दादी सांगत असे, तेव्हा त्यात तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी असे. गोश्ताचा उल्लेख नसे. पण गरिबीने लावलेली ही सवय प्रकृतीला मानवणारी होती.

मांसाची चटक लागते याची जाण तर आपल्या परंपरेत फार जुनी आहे. हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना त्याबाबत सावध केल्याची नोंद इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आहे. हलाल असणे आणि रोज पोटभर खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टराने १९१८ मध्ये आहारसंशोधन सुरू केले. तीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅकॅरिसनने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका प्रांताचे खाणे घातले : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शिखांच्या खाण्यावर वाढलेल्या उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, तर मद्रासी खाण्यावरच्या उंदरांचे १५५ ग्रॅम. आपले मराठा खाणे तिसऱ्या क्रमांकावर आले.

हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, मांसानेच ताकद येते! पण त्या पहिल्या आलेल्या खाण्यात काय होते? न चाळलेल्या कणकेची चपाती, दूध, लोणी, मोड आलेला हरभरा, कच्चे गाजर आणि कोबी. आणि हाडासकट मांस आठवड्यातून एकदा. एकदाच! अर्थात उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे, आणि त्या प्रयोगाला आता नव्वद वर्षे होऊन गेली. तरी आठवड्यातून एकदा हे प्रमाण वाचून मला आमच्या जुन्या बाजारच्या दिवसाची आठवण झाली.

याच सुमारास, १९२८ मध्ये, ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया गरोदरपणी रक्तक्षयाने दगावत होत्या. त्याचे कारण शोधताना वेगवेगळ्या थरांतील बायका काय खातात, हे तिने पाहिले. ज्यांचे खाणे सर्वांत निकृष्ट आणि ज्यांना हा रक्तक्षय सर्वांत अधिक, त्या होत्या गरीब मुसलमान स्त्रिया. वाचताना मी येथे पुस्तक मिटून ठेवले. ज्या समाजाला सारे जग मांसाहारी म्हणून ओळखते, त्याच समाजातील बायकांच्या अंगात सर्वांत कमी रक्त!

विल्सबाईंना उपाय सापडला तो मांसात नव्हे, तर यीस्टच्या स्वस्त अर्कात. त्यातील गुणकारी द्रव्य फोलेट होते, हे पुढे कळले. हिरव्या पालेभाज्यांत आणि डाळींत ते असते. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या जुडीत ते आहे.

रक्तासाठी लोह हवे, आणि तांबड्या मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते, हे निर्विवाद आहे. कोंबडीत ते तुलनेने कमी असते. पालेभाजी व डाळीतील लोह कमी शोषले जाते; परंतु जोडीला लिंबू, आवळा किंवा थोडे मांस असेल तर त्याचे शोषण वाढते. म्हणजे अंबाडी-गोश्त आणि डालचा रांधणाऱ्या दादीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचा हात बरोबर पडत होता. उलट जेवणावर लगेच चहा घेतल्याने लोह वाया जाते. आपल्याकडे तर दस्तरखान उचलण्याआधी चहा ठेवला जातो! तासभर थांबावे. आणखी एक गोष्ट : गरोदर स्त्रीने कलेजी किती खावी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तीत अ जीवनसत्त्व फार असते.

आता वडिलांच्या बाजूचा विचार करू. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीने जनतेला मांस कमी खाण्याचा सल्ला दिला. पशुपालकांनी गिल्ला करताच त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची भाषा मवाळ करण्यात आली. पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ८०० हून अधिक अभ्यास तपासले आणि सॉसेजसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास निश्चित कारणीभूत, तर तांबडे मांस बहुधा कारणीभूत, असे ठरवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते, असे त्यांचे अनुमान आहे. येथे 'निश्चित' आणि 'बहुधा' हे शब्द पुरावा किती पक्का ते सांगतात. धोका किती मोठा ते नव्हे. २०१९ मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञमंडळाने तर मांस कमी करण्याइतका सबळ पुरावाच नाही, असे मत दिले आणि मोठा वाद झाला. कर्करोगाविषयी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सल्ला मात्र मला व्यवहार्य वाटतो : शिजवलेले तांबडे मांस आठवड्याला फार तर ३५० ते ५०० ग्रॅम.

आपल्या घरी सहा माणसे असतील, तर इतके मांस कोणत्या आठवड्यात होते? बकरी ईद आणि लग्नसराई सोडली तर आपल्यापैकी बहुतेक घरे या मर्यादेच्या फार आत आहेत. त्यातच १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि कायदा सर्वांनी पाळलाच पाहिजे. म्हशीचे मांस कायद्याने आजही चालते. तरी माझ्या पाहण्यातील कितीतरी घरांत गोश्ताची जागा ब्रॉयलर कोंबडीने घेतली आहे. तेव्हा 'आम्ही फार मांस खातो' हे घराच्या बाबतीत खरे नाही. घरातील एकेका माणसाच्या बाबतीत मात्र ते खरे असू शकते.

कारण मी त्या मुलीच्या आईला पुढचा प्रश्न विचारला होता : "गोश्त शिजते ते कोण खाते?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले. आधी मुलीचे वडील आणि पाहुणे, नंतर मुलगे, मग सासूबाई. शेवटी ती आणि मुलगी बसतात तेव्हा डेगचीत शोरबा असतो आणि एखादे हाड. भाजी त्या दिवशी केलेलीच नसते, कारण गोश्त आहे ना!

यात त्या घराला मी दोष देत नाही. माझ्या घरी हेच चालत आले होते. वडिलांच्या ताटात नळी आणि चरबीच्या बोट्या, वर शोरब्याचा तवंग. अम्मी आणि बाजी यांनी आयुष्यभर भाकरी शोरब्यात बुडवून खाल्ली; दोघींनाही बाळंतपणात रक्त चढवावे लागले. ज्याने कमी खावे त्याच्या ताटात जास्त आणि जिला गरज तिच्या ताटात काही नाही, अशी ही वाटणी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो सर्व धर्मांच्या घरांत आहे. आपण आपली डेगची पाहावी.

आमच्या घरी आता अर्धा किलो आणतो, दर आठवड्याला. चरबी कसायाकडेच काढून घेतो. त्यात पालक किंवा अंबाडी जातेच, आणि तेल निम्मे केले आहे. बोट्या अम्मी मोजून वाढते; पहिले ताट माझ्या भाचीचे आणि पत्नीचे. वडिलांना दोन बोट्या मिळतात. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत तेवढ्याला हरकत घेतली नाही. मीठ आणि लोणच्यावर मात्र ते फार रागावले. नळीसाठी वडील अजूनही भांडतात.

त्या मुलीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहावर आले. तो गुण अर्थात प्रथम गोळ्यांचा. परंतु तिच्या आईने मला शाळेच्या फाटकापाशी थांबवून सांगितले की, आता जुम्याला मेथी-गोश्त होते आणि सगळी एकाच वेळी दस्तरखानावर बसतात.