ग्रहण, विळी आणि बुरशी

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाशी संबंध आला तो विज्ञानाचे सर रजेवर गेले की वर्ग सांभाळण्यापुरता! तरी आज बुरशीवर लिहिते आहे. बुरशी समजून घेणाऱ्या माणसांचाही एक इतिहास आहे, आणि त्यातल्या एका पानाचा आपल्या घराशी संबंध आहे. घरच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात भाची राहायला आली होती. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. फडताळातल्या पावाला बुरशी आली म्हणून मी तो टाकायला निघाले, तर म्हणाली, "मावशी, थांब." त्यातला एक तुकडा डबीत घालून दुसऱ्या दिवशी मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काचेच्या शेवयांसारखे पारदर्शक तंतू, एकमेकांत गुंतलेले. "हे फक्त शेंड्याला वाढतात," ती म्हणाली. मी सहज विचारलं, "हे कोणी शोधून काढलं?" इतिहासाच्या बाईला दुसरं काय सुचणार! त्यानंतर चार-पाच रविवार तिने मला सगळी हकीकत समजावून सांगितली.

१८९२ साली राइनहार्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बुरशीचे तंतू बारकाईने पाहून त्यांच्या वाढीवर लिहिलं. तंतू टोकाशी वाढतो, मागचा भाग लांबत नाही. आपला केस मुळाशी वाढतो, बुरशीचं याच्या उलट. ऐकायला साधं वाटतं, पण त्यातून मोठा प्रश्न उभा राहतो. नवी भिंत बांधायची टोकाला, आणि तिचा बराच माल तयार होतो मागे, तंतूच्या पोटात. तो पुढे नेतो कोण? न्यूरोस्पोरा नावाची एक केशरी बुरशी आहे. १८४२ च्या उन्हाळ्यात तिने पॅरिसच्या भट्ट्यांतल्या पावाची नासाडी केली होती. ती एका दिवसात आठ-नऊ सेंटिमीटर पुढे जाते. एवढा माल आपोआप वाहत जाऊन वेळेवर पोचणं शक्य नाही.

१९२४ साली ब्रुन्सविक याने छत्रीसारख्या बुरशीचे तंतू रंगवले, तेव्हा त्याला अगदी टोकाशी एक गडद ठिपका दिसला. त्याला नाव मिळालं 'श्पिट्झेनक्योर्पर'. (माझी जीभ तीनदा अडखळली.) अर्थ एवढाच, की टोकाचा गोळा. पण हे तंतू रंगवताना मेलेले होते. १९५७ साली पूर्व जर्मनीत गिरबार्ट यांनी नव्या तऱ्हेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, काहीही न रंगवता, जिवंत तंतू पाहिले. गोळा तिथेही होता! तंतू वाढत असेल तोवर गोळा दिसे, वाढ थांबली की नाहीसा होई. आणि तंतू वळणार असला की आधी गोळा त्या बाजूला सरके. बैलांनी माना वळवाव्यात आणि मागून गाडी वळावी, तसं.

१९६९-७० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा गोळा म्हणजे काय ते दाखवलं. गिरबार्ट यांनी स्वतः, आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ग्रोव्ह आणि ब्रॅकर यांनी पाहिलं, की तो अतिसूक्ष्म पिशव्यांचा ढीग आहे. भिंत बांधायचं सामान भरलेल्या पिशव्या. म्हणजे ती मालाची वखारच. पिशव्या मागून येतात, इथे जमतात आणि टोकाच्या कडेला जाऊन मिसळतात.

वखार सापडली, पण हमाल कुठे होते?

ते सापडले भलतीकडेच. हार्वर्डमध्ये इयान गिबन्स पाण्यातल्या एका एकपेशी जीवाच्या हलणाऱ्या केसांचा अभ्यास करत होते. ते केस हलवणारं प्रथिन त्यांनी वेगळं काढलं आणि १९६५ मध्ये त्याला डायनीन हे नाव दिलं. पुढे १९८५ मध्ये व्हेल, रीझ आणि शीट्झ यांना समुद्रातल्या माखलीसारख्या स्क्विडच्या जाडजूड मज्जातंतूत दुसरं प्रथिन सापडलं, कायनेसिन. पेशीत सूक्ष्मनलिका नावाच्या बारीक नळ्या असतात. त्या रूळ धरा. कायनेसिन पिशवी पाठीवर घेऊन या रुळांवरून ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत चालतं आणि दर पावलाला इंधनाचा एक रेणू जाळतं. डायनीन उलट दिशेला चालतं. बुरशीच्या तंतूत लांबचा प्रवास या रुळांवरून होतो. टोकाजवळच्या पट्ट्यात ॲक्टिनच्या धाग्यांवरून मायोसिन काम करतं, आपल्या स्नायूंतल्या मायोसिनचं भावंड.

१९९५ मध्ये न्यूरोस्पोरातही कायनेसिन सापडलं, आणि ते प्राण्यांमधल्यापेक्षा कितीतरी वेगाने धावणारं निघालं. १९९७ मध्ये ते जनुक काढून टाकून पाहिलं, तर टोकाची वखार दिसेना, वाढ मंदावली आणि तंतू वेडेवाकडे झाले. गिरबार्ट यांनी चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या गोळ्याचा हिशेब असा लागला.

आता या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा माणूस. न्यू जर्सीत रॉन मॉरिस नावाचे संशोधक होते. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्यांनी ॲस्परजिलस ही बुरशी घेतली आणि तिच्यात बिघाड घडवून आणले. असे बिघाड, की एरवी ती बरी वाढेल पण तापमान ४२ अंशांच्या आसपास नेलं की अडेल. त्यांतल्या काहींची तऱ्हा विचित्र होती. बीजाणूतून तंतू फुटायचा, आत केंद्रकांची संख्याही वाढायची, पण ती पुढे सरकायचीच नाहीत. सगळी मागे, बीजाणूतच घोळका करून बसायची. तंतू पुढे रिकामा, आणि बुरशी खुरटलेली. या गटाला त्यांनी 'नड' म्हटलं. केंद्रकांची वाटणी, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं ते लघुरूप. आपल्या मराठीतली 'नड' इथे किती चपखल बसते पाहा!

ही नड कशाची, हे कळायला जवळजवळ वीस वर्षं लागली. १९९४ मध्ये शिन शियांग आणि मॉरिस यांच्या गटाने दाखवलं, की यातलं एक जनुक डायनीनचं आहे. त्याच वर्षी न्यूरोस्पोराच्या दोरखंडासारख्या पिळवटलेल्या जातींतही डायनीनचाच बिघाड सापडला. डायनीन एका जागी पाय रोवून दोर ओढावा तशी सूक्ष्मनलिका ओढतं आणि तिच्यामागून केंद्रक येतं, असं चित्र मांडलं गेलं. १९९५ मध्ये त्यांनी याच गटातलं आणखी एक जनुक वाचलं, नड-एफ. तेव्हा ते माणसाच्या एका जनुकाशी जुळलं. त्याचं नाव लिस-१. ते दोनच वर्षं आधी, १९९३ मध्ये, एका दुर्मिळ आजाराच्या मुलांमध्ये सापडलं होतं. त्या आजाराचं नाव लिसेनसेफली.

हा शब्द भाचीने उच्चारला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

१९९५ च्या दिवाळीतलं सूर्यग्रहण आठवतं का? २४ ऑक्टोबर. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. घरात पाहुणे होते, म्हणून तिने ग्रहणातच विळीवर भोपळा चिरला. पुढे मुलगी झाली. चार महिन्यांची असताना तिला झटके येऊ लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढलं आणि सांगितलं, मेंदूवर वळ्याच नाहीत, गुळगुळीत आहे. कागदावर त्यांनी लिहून दिलेला तो शब्द मी वाचला होता. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "ग्रहणात विळी धरली, दुसरं काय होणार?" मी शेजारी तांदूळ निवडत होते. बी.ए. झालेली, रोज पन्नास मुलांना शिकवणारी बाई. ग्रहणाने असं होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी तांदूळ निवडत राहिले. सूनबाई ओट्याकडे तोंड करून उभी होती.

भाचीने मला समजावलं ते असं. गर्भाचा मेंदू घडताना पेशी आत जन्मतात आणि बाहेरच्या थरापर्यंत प्रवास करतात. हा प्रवास ग्रहणाच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. पेशी लांब हात पुढे टाकते आणि मग तिचं केंद्रक त्या हातात ओढलं जातं. ओढणारं डायनीन आणि त्याला साथ देणारं लिस-१. ते अपुरं पडलं की पेशी अर्ध्या वाटेत राहतात आणि मेंदूला वळ्या पडत नाहीत. बीजाणूत अडकलेल्या केंद्रकांसारखंच. लिस-१ मधला बिघाड बहुतेक वेळा आईबापांत नसतो, बाळात नव्यानेच होतो. लिसेनसेफलीची दुसरीही कारणं आहेत, १९९८ मध्ये आणखी एक जनुक सापडलं. पण त्यातल्या कुठल्याही कारणात विळी नाही. आणि बिघाड आईकडून आला, तरी तो तिचा अपराध नव्हे.

ती मुलगी सहा वर्षं जगली. आज तिशीच्या घरात असती. सूनबाईला विचारूनच हे लिहिते आहे. "लिहा काकू, पण नाव नको," एवढंच म्हणाली.

सूनबाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ज्या वर्षी आपल्याकडे ग्रहण लागलं, त्याच वर्षी तिकडे बुरशीत उत्तर छापून आलं होतं. ते माझ्यापर्यंत पोचायला तीस वर्षं लागली, याला इलाज नव्हता. पण "तुझी चूक नाही" म्हणायला मला त्या उत्तराची गरज नव्हती.

असो. शास्त्राची बाजू भाचीने तपासली आहे, तरी काही चुकलं असेल तर ते माझं. आणि घरच्यांना एक सांगणं. पुढच्या ग्रहणाला घरात कोणी गरोदर असेल, तर तिला भूक लागेल तेव्हा जेवू द्या, आणि भाजी चिरायची असेल तर चिरू द्या.