ओप, रोगण आणि दोन बादल्या

गेल्या वर्षी दसऱ्याला आमच्या घरी नवी मोटार आली. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू असा यथासांग सोहळा झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाळलेले कुंकू रात्रभराच्या धुळीसकट कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून आम्ही त्या गडद निळ्या रंगावर कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे उमटवले. सावलीत ते दिसत नाहीत, उन्हात मात्र लपत नाहीत. अठरा-वीस वर्षे मराठी साहित्य शिकवण्यात घालवलेल्या आम्हां दोघांना गाडी कशी पुसावी हे ठाऊक नव्हते, असा त्याचा अर्थ. एखादे काम येत नसेल तर त्याचा इतिहास वाचू लागायचे, हा आमच्या व्यवसायाचा जुनाच दोष आहे. प्रस्तुत लेखन हे त्या दोषाचे फळ.

प्रथम शब्दांकडे वळावेसे वाटते. दुकानात जाऊन आम्ही ‘पॉलिश’ मागितले, तेव्हा दुकानदाराने विचारले, ‘घासायचं की लावायचं?’ प्रश्न आम्हांला कळलाच नाही. वास्तविक मराठीत हा भेद फार पूर्वीपासून आहे. सोन्याला ‘ओप’ देतात तो घासून. वस्तूच्या अंगचेच तेज वर आणायचे असते. ‘जिल्हई’ किंवा ‘झिलई’ हा शब्द अरबीतल्या ‘जिला’वरून आला, त्यातही उजळण्याचाच अर्थ आहे. उलट ‘रोगण’ फारसीतून आले. मूळ अर्थ तेल, म्हणजे वरून चढवायचा लेप. मोटारीच्या बाबतीत पॉलिश हा ओप आहे आणि मेण हे रोगण. पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म खर असते, ती रंगाचा वरचा थर किंचित खरवडून ओरखड्यांच्या कडा सपाट करते. मेण काहीच काढत नाही, ते नुसते वर बसते. आजच्या गाडीवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनांचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. प्रत्येक ओपागणिक त्यातला थोडा कायमचा जातो. म्हणून नव्या गाडीला पॉलिश करण्याचा उत्साह दाखवू नये; तिला धुणे आणि मेण पुरते. आम्ही दोन्ही शब्दांसाठी एकच इंग्रजी शब्द वापरू लागलो आणि भेद विसरलो, एवढेच.

आता इतिहासाकडे. मोटारीच्या आधी बग्गी होती आणि बग्गीचे रोगण ही फार नाजूक चीज होती. ते ब्रशाने थरावर थर चढवायचे, दोन थरांच्या मधे प्यूमिसच्या दगडाने घासायचे. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. त्यामुळे ती राखणे हे स्वतंत्र कसब मानले जाई. इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापन-ग्रंथात स्वयंपाकाच्या पाककृतींबरोबर गाडीवान आणि मोतद्दार यांच्या कामांचाही विचार आहे. त्या काळच्या बग्गीविषयक पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारे नियम असे: चिखल वाळू देऊ नये, पाणी भरपूर वापरावे, उन्हात धुऊ नये, मऊ कातड्याने टिपावे, आणि गाडी तबेल्यापासून दूर ठेवावी, कारण लिदीतून सुटणारा अमोनिया रोगण खातो. तबेल्याची सूचना वगळली तर बाकीचे चार नियम आमच्या शाम्पूच्या बाटलीवर आजही छापलेले आहेत. घोड्याला खरारा करणारा मोतद्दार आणि गाडी धुणारा बहुधा एकच असे. मालकाने हात लावण्याचा प्रश्नच नव्हता.

आरंभीच्या मोटारींवरही हेच रोगण होते आणि त्या राखायला पगारी माणूस होता. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा, हे नमूद करण्यासारखे आहे. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. तो रंग स्वस्त होता, टिकाऊ होता. रंगीत गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती एका दारूगोळ्याच्या कारखानदाराने. ड्युपाँ कंपनी सुरुंगाची दारू बनवी. तिच्याच जातीच्या नायट्रोसेल्युलोजपासून तिने फवारता येईल असे लॅकर तयार केले आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ते ओकलंड गाडीवर निळ्या रंगात प्रथम वापरले. आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या लॅकरचे नाव ‘ड्युको’. आमच्या घरचे कपाट करणाऱ्या सुताराने ‘सनमायका लावू की ड्युको मारू?’ असे विचारले होते, तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला शब्द उच्चारत आहे याची त्यालाही कल्पना नव्हती आणि आम्हांलाही. शब्दांच्या व्युत्पत्तीवर पोट भरणाऱ्यांनी हे मान खाली घालून कबूल करायला हवे.

पण ड्युकोला एक खोड होती. उन्हाने त्याचे तेज उडे, अंगावर खडूसारखी भुकटी धरे, आणि मग त्याला घासावे लागे. रंग स्वस्त झाला, गाड्या लाखांनी वाढल्या, शोफर मात्र लाखांनी मिळणार नव्हते. मग घासणार कोण? मालक. येथून पुढचा इतिहास जाहिरातींचा आहे. शिकागोच्या जॉर्ज सायमन्सने १९१० मध्ये काढलेले ‘सायमनाइझ’ इतके रूढ झाले की त्याचे इंग्रजीत क्रियापद बनून ते शब्दकोशात गेले. त्याच शहरातल्या बेन हर्श या माणसाने १९४० च्या दशकात घरच्या न्हाणीतल्या टबात पॉलिश घोटले. पुढे त्याचे ‘टर्टल वॅक्स’ झाले. बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या परक्या गाडीचा एकच मडगार्ड तो चमकावून ठेवी आणि मालक परत येईपर्यंत थांबून राही, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, ती मार्मिक आहे. सकाळपर्यंत बरी दिसणारी गाडी त्या एका मडगार्डामुळे संध्याकाळी कळकट दिसू लागे. मळ आधी गाडीवर नव्हता, तो मालकाच्या डोळ्यांत घातला गेला.

अशा रीतीने मोतद्दाराचे काम अमेरिकन गृहस्थाचा रविवारचा छंद बनले. इतका प्रतिष्ठेचा छंद की १९८४ च्या ‘द कराटे किड’ या चित्रपटात वृद्ध गुरू शिष्याला कराटे शिकवण्यापूर्वी गाड्यांना मेण लावायला बसवतो: एका हाताने लावायचे, दुसऱ्याने पुसायचे, दिवसच्या दिवस. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. धौम्यांनी आरुणीला पाठ देण्याऐवजी शेताचा बांध अडवायला पाठवले होतेच.

हे मेण येते कुठून? उत्तम मेणात कार्नाउबा असते. ईशान्य ब्राझीलच्या सेआरा, पियाउई आदी कोरड्या प्रांतांतला हा ताड उन्हाळ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून आपल्या पानांवर मेणाचा लेप चढवतो. झाडाने स्वतःच्या जिवासाठी केलेले रोगण आपण बॉनेटला लावतो. लांब बांबूच्या टोकाला कोयता बांधून पाने तोडायची, उन्हात वाळवायची, झोडपायची. जी भुकटी झडते ती वितळवून गाळायची. हे मेण ८० अंशांच्या वर वितळते आणि इतके कठीण असते की तेल किंवा द्रावण मिसळल्याशिवाय ते लावताच येत नाही. १९३५ मध्ये रसीन या अमेरिकन गावातले मेणाचे कारखानदार हर्बर्ट जॉन्सन पाण्यावर उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानाने या ताडांचा शोध घेत फोर्तालेझापर्यंत गेले. पाठोपाठ त्यांनी फ्रँक लॉईड राईटकडून आपल्या कंपनीचे कार्यालय बांधून घेतले. १९३९ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत वास्तुकलेच्या पुस्तकांत आवर्जून असते. कोयतेवाले कोणत्या पुस्तकात आहेत ते आम्ही शोधले. ते सापडले २०१७ च्या एका जर्मन दूरचित्रवाणी-माहितीपटात. विषय मोटारींचा नव्हता, गोळ्या-चॉकलेटांवरच्या चकाकीचा होता, कारण तीही याच मेणाची असते. मजूर उघड्यावर झोपत होते, पिण्याला धड पाणी नव्हते, आणि ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांनी काही ठिकाणच्या परिस्थितीला गुलामगिरीसदृश म्हटले होते.

आपल्याकडे मालकाच्या हाती फडके कधी आलेच नाही. फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावण्याच्या काळात नाही आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यानंतरही नाही. उलट आपण पुसणाऱ्याची एक पायरीच निर्माण केली: ट्रकवरचा ‘क्लीनर’. तो चाक बदलतो, दोर आवळतो, रात्री जागतो; नाव मात्र पुसण्यावरून.

आमच्या इमारतीत पहाटे गाड्या पुसायला एक दादा येतात. जुन्या गाडीला त्यांनी नऊ वर्षे सांभाळले. आम्ही अभ्यासाअंती त्यांना सांगितले की नवी गाडी आता आम्हीच धुऊ. कारणही सांगितले: एकच फडके चौदा गाड्यांवर फिरते, आधीच्या गाडीची धूळ पुढच्या गाडीला ओरखडते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सर, दोन बादल्यांत चौदा गाड्या. फडकं धुऊ की गाड्या?’

आम्हांला उत्तर सुचले नाही. टँकरच्या दिवसांत संस्थेने पाण्याची मर्यादा घातली होती, ती पावसाळ्यानंतरही कुणी उठवली नव्हती. आणि ज्या सभेत तो ठराव झाला तिला आम्ही दोघे उपस्थित होतो. आमच्या हातातल्या माहितीपत्रकातही दोनच बादल्या होत्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळण्याची; परंतु त्या एका गाडीसाठी.

सध्या व्यवस्था अशी आहे. महिन्याचे पैसे त्यांना पूर्वीप्रमाणेच देतो. पहिल्या महिन्यात त्यांनी ते घेतले नाहीत, दुसऱ्या महिन्यात घेतले. रविवारी सकाळी ऊन यायच्या आत आम्ही आमच्या घरच्या नळाचे पाणी खाली नेतो. आधी नुसते पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग छतापासून खाली सरळ रेषेत मोजा फिरवायचा, गोल गोल नाही; चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते बाद. मेण तीन महिन्यांनी एकदा, नखभर, धुके धरेपर्यंत थांबून पुसायचे. यातले शेवटचे पुसणे आम्हांला दादांनी शिकवले: फडक्याची चौघडी करायची आणि दर दोन हातांना घडी उलटायची, म्हणजे स्वच्छ बाजू आठ वेळा मिळते. हे कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. कोरडे फडके ते तसेच वापरत आले होते, पाणी नसल्यामुळे.

वाहनतळात बोअरच्या पाण्याचा एक नळ द्यावा, असा अर्ज आम्ही संस्थेकडे केला आहे. गेल्या सभेत तो सातवा विषय होता; पाचव्या विषयावर सभा संपली.